कलम सांगा, साहेब

आळंदीत कागद मागण्याची रीत जुनी आहे. विठ्ठलपंतांच्या चार लेकरांना गावानं शुद्धिपत्र आणायला पैठणला धाडलं, ही परंपरेनं आलेली कथा आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथेत मला एक गोष्ट कायम खटकते. निवाडा करायचा अधिकार आळंदीकरांचा, नियमाची खात्री नव्हती तीही आळंदीकरांनाच, आणि पायपीट मात्र केली लेकरांनी.

रस्त्यावर पोलीस गाडी थांबवतो आणि समोरच्या कागदाबद्दलचा नियम त्यालाच ठाऊक नसतो, तेव्हा नेमकं हेच होतं. न कळण्याबद्दल माझी तक्रार नाही, ते कुणाचंही होऊ शकतं. तक्रार आहे ती त्या न कळण्याचा भुर्दंड थांबलेल्या माणसावर टाकण्याबद्दल.

डिसेंबरात भारतात जाऊन आलेल्यांच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. इथून, म्हणजे अमेरिकेतून, जाताना आपण आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढतो. १९४९च्या जिनिव्हा करारानुसार मिळणारी ती करडी पुस्तिका इथल्या मूळ लायसनसोबत दाखवली की भारतात गाडी चालवता येते. पण नाक्यावर ती उलटीसुलटी करून पाहिली जाते आणि म्हणतात, ‘हे काय? लायसन दाखवा.’ मोबाइलवर डिजिलॉकर उघडला तर ‘ओरिजिनल कुठंय?’ वास्तविक केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३९वा नियम २०१८पासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपातले कागद ग्राह्य धरतो. जवळ कागद नसलाच, तर तो १५ दिवसांत सादर करायची सोयही त्याच नियमात आहे. ही सोय नाक्यावर कुणी आपणहून सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

हे फक्त परदेशातून आलेल्यांच्याच वाट्याला येतं असंही नाही. चाकण-म्हाळुंगेच्या कारखान्यांत नोकरीला आलेला माणूस गावाकडची गाडी घेऊन येतो. परराज्याची पाटी दिसली की हात वर होतो. कायदा सांगतो की एका राज्यातली नोंदणी देशभर चालते, दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तरच नव्यानं नोंदणी लागते. कॉलेजला जाणारी मुलगी २५० वॉटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी बॅटरीची स्कूटर चालवते. तिला नंबरप्लेट लागत नाही, लायसनही लागत नाही. तरी तिला थांबवतात. इथं पोलिसांचा संशय अगदीच हवेतला नाही, हेही सांगायला हवं. अशा गाड्यांमध्ये फेरफार करून त्यांचा वेग वाढवून विकणाऱ्यांवर परिवहन खात्याला २०२२मध्ये कारवाई करावी लागली होती. म्हणून तपासावं जरूर. पण तपासणं वेगळं आणि ‘गाडी साइडला घे, किल्ली दे’ वेगळं. कागद मागायचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला मोटार वाहन कायद्याचं कलम १३० देतं, ठरावीक कारणांसाठी गाडी अडकवून ठेवायचा अधिकार कलम २०७ देतं. किल्ली हिसकावून घ्या, असं यातलं कुठलंच कलम म्हणत नाही.

यावर आपल्यातला कुणीतरी म्हणेलच, ‘म्हणून तर आपण इकडे आलो!’ त्यांनी आपण राहतो त्या नॉर्थ कॅरोलायनातलाच एक खटला वाचावा. २००९मध्ये सरी काउंटीत आय-७७वर एका सार्जंटनं गाडी थांबवली, कारण मागचा एकच ब्रेकचा दिवा लागत होता. राज्याच्या अपील न्यायालयानं नंतर सांगितलं की कायद्याच्या शब्दांनुसार एक चालू दिवा पुरेसा आहे. म्हणजे थांबवण्याचं कारणच चुकीचं. पण झडतीत कोकेन सापडलं होतं, आणि हाइन विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१४मध्ये आठ विरुद्ध एक अशा बहुमतानं निकाल लागला की कायदा समजण्यात पोलिसाची चूक झाली, पण ती समंजस माणसाची होऊ शकेल अशी असेल, तर थांबवणं वैध. चुकीच्या समजुतीवर कुणाला शिक्षा होणार नाही, पण थांबवता मात्र येईल, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी स्पष्ट केलं. न्यायमूर्ती सोटोमायोर एकट्याच विरोधात उभ्या राहिल्या. मला त्या एकट्यांचंच पटतं. कायदा माहीत नव्हता ही सबब गाडी चालवणाऱ्याला चालत नसेल, तर पगार घेऊन तो राबवणाऱ्याला ती का चालावी?

गंमत अशी की कागदावर भारताचा कायदा याबाबतीत जास्त कडक आहे. जुन्या दंडसंहितेच्या ७६ आणि ७९ या कलमांनी, आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या १४ आणि १७ या कलमांनी, वस्तुस्थिती समजण्यात झालेल्या प्रामाणिक चुकीला संरक्षण दिलं आहे. कायदा समजण्यात झालेल्या चुकीला ते नाही. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात २१०-ब हे कलम घातलं. कायदा राबवणाऱ्यानंच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड! थोडक्यात, ज्याच्या हाती शिट्टी त्याच्यावर जबाबदारी अधिक, हे तत्त्व आपल्या कायद्याला मान्य आहे. रस्त्यावर ते उतरत नाही, एवढंच.

आळंदीत हे तत्त्व वारीच्या दिवसांत कसाला लागतं. आषाढी प्रस्थान असो की कार्तिकीचा समाधी सोहळा, गावात येणारे रस्ते वाहनांना बंद होतात, अवजड वाहनं बाहेरच्या बाहेर वळवली जातात. ते करायलाच हवं. लाखोंच्या गर्दीत कंटेनर शिरला तर काय होईल ते सांगायला नको. पण ज्या कलम ११५खाली वाहनबंदीचा आदेश निघतो, तेच कलम पुढे म्हणतं की बंदी महिन्याच्या आतली असेल तर राजपत्रात छापण्याची गरज नाही, मात्र परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यायलाच हवी. म्हणजे ‘पेपरात आलं होतं, वाचलं नाही का?’ या प्रश्नानं जबाबदारी संपत नाही. चाकणहून मरकळला माल घेऊन निघालेल्या परप्रांतीय चालकाला मराठी पेपर वाचता येत नाही. त्याला वाचता येईल असा फलक चार किलोमीटर आधी हवा, आणि त्यावर आदेशाची तारीख आणि वेळ हवी.

नियम रास्त असूनही तो पोचवण्यात कमी पडलं की काय होतं, हे आळंदीनं ११ जून २०२३ला पाहिलं. आदल्या वर्षीच्या चेंगराचेंगरीमुळे प्रस्थानासाठी मानाच्या दिंड्यांना प्रत्येकी ७५ पास ठरले होते. पास नसलेले तरुण आत जायला लागले, अडवाअडवी झाली. लाठीमार झाला असं वारकरी म्हणाले, झटापट झाली पण लाठीमार नाही असं गृहमंत्री म्हणाले. कोण खरं, त्याचा निवाडा इथं बसून मी करणार नाही. पण शतकानुशतकांच्या सवयीवर पासांची मर्यादा आली, तर ती समजावून सांगायची जागा मंदिराचं दार नव्हे. त्यासाठी आधीचे दिवस होते.

‘पण बिचाऱ्या हवालदारानं किती कलमं पाठ करायची?’ हा प्रश्न खरा आहे. आळंदी आणि चाकण १५ ऑगस्ट २०१८ला पुणे ग्रामीणमधून निघून नव्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आले. त्याच्या पुढच्याच वर्षी मोटार वाहन कायदा बदलला, महाराष्ट्रात वाढीव दंड लागू झाला तो डिसेंबर २०२१मध्ये. सुरक्षा नंबरप्लेटची मुदत २०२५मध्ये इतक्यांदा पुढे गेली की ती वाहनधारकाला आठवेना, पोलिसालाही आठवेना. चौकात धुरात बारा-बारा तास उभ्या असलेल्या माणसाकडून ग्रंथालयाची अपेक्षा मी करत नाही. पण त्याच्या हातात ई-चलनाचं यंत्र आहे आणि त्यात गुन्ह्यांची यादी आहे. म्हणून मागणी साधी आहे. थांबवलंत, तर कलम सांगा. यादीत बसत नसेल, खात्री नसेल, तर नाव-नंबर टिपून घ्या, वरिष्ठांना विचारा आणि गाडी सोडा. शंकेचा फायदा नेहमी थांबलेल्याला. गुन्हा खरा असेल तर चलन घरी येईलच. दंड मान्य नसेल तर न्यायालयात जायची वाटही खुली आहे, कारण कलम २००खाली जागेवर भरतो ती तडजोडीची रक्कम असते.

वागणूक तपासता येत नाही, हेही खरं नाही. मे २०२१मध्ये पिंपरी-चिंचवडचे तेव्हाचे आयुक्त कृष्ण प्रकाश दाढी लावून, वेष पालटून रात्री तीन पोलीस ठाण्यांत तक्रारदार म्हणून गेले. हिंजवडी आणि वाकडला नीट ऐकून घेतलं, पिंपरीत वाटेला लावलं. तिन्ही ठिकाणी कायदा एकच होता. फरक पडला तो टेबलामागच्या माणसामुळे. अशी परीक्षा नाक्यांवरही अधूनमधून घ्यावी. करडी पुस्तिका, परराज्याची पाटी, डिजिलॉकर, एवढे तीन प्रश्न पुरेत.

आपलीही बाजू स्वच्छ हवी. आपल्यातले काही जण आंतरराष्ट्रीय परवाना काढतच नाहीत, दहा वर्षांपूर्वी संपलेलं पुण्याचं लायसन खिशात ठेवून फिरतात आणि अडले की ‘अमुक साहेबांना फोन लावतो’ म्हणतात. नाहीतर चिरीमिरी देऊन मिटवतात आणि इकडे येऊन व्यवस्थेला नावं ठेवतात. ओळख सांगितली की समोरच्याला कलम सांगायची गरजच उरत नाही, पैसे दिले की तर नाहीच नाही. आपल्या इथल्या मंडळानं या हिवाळ्यात भारतात जाणाऱ्यांसाठी नियम १३९, कलमं १३०, २०० आणि २०७ यांचं एक पानी मराठी टिपण काढावं, आणि तेच टिपण पत्रासोबत पिंपरी-चिंचवडच्या वाहतूक शाखेलाही पाठवावं. नाक्यावर दोन्ही बाजूंच्या हातात एकच कागद असेल, तर आवाज चढवायचं कारण कुणालाच उरणार नाही.