भांड्यावरचे नाव

सानपाड्याच्या आमच्या घराचा माळा गेल्या दिवाळीआधी रिकामा करायला काढला, तेव्हा गोणपाटात बांधलेली आईची भांडी खाली आली. परात, दोन तांबे, एकात एक बसणारे स्टीलचे डबे, अशी मोजून अठरा. भंगारवाला काटा घेऊन दारात उभा होता. प्रत्येक भांडे काट्यावर जाण्याआधी माझा मुलगा त्यावर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे मोठ्याने वाचू लागला. कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कोणत्या तारखेला सप्रेम भेट. भांडे घेतले की दुकानदाराकडूनच त्यावर नाव घालून घ्यायचे, हा आपल्याकडचा नेम. कार्यात भांडी शेजारीपाजारी फिरत, एकमेकांत मिसळत आणि नावावरून आपापल्या घरी परत येत. माणसाचे नाव वस्तूवर असे.

मुलाच्या हातातल्या फोनवर मात्र त्याचे नाव कुठेच नव्हते. कंपनीचे होते. या फोनवरून आमचे त्याच आठवड्यात कडाक्याचे भांडण झालेले. नोकरीला लागून तीन महिने होत नाहीत तोच त्याने चोवीस हप्त्यांवर हा फोन घेतला. किंमत त्याच्या दोन पगारांहून जास्त. मी नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, ''बाबा, ऑफिसात माझं नाव लोकांना नंतर कळतं. फोन आधी दिसतो.'' आणि थोड्या वेळाने, ''तुमच्या टीव्हीच्या खोक्याची गोष्ट आजीनेच सांगितली होती मला.''

ती गोष्ट खरी आहे. १९९१ साली मी रंगीत टीव्ही घेतला, तोही हप्त्यांवरच. शिंगे आणि शेपटी असलेल्या राक्षसाची ती ओनिडाची जाहिरात वाचकांना आठवत असेल. शेजाऱ्याचा मत्सर हाच मालाचा गुण म्हणून खपवण्याचे धाडस तिने केले होते. टीव्ही आत मांडून झाल्यावर त्याचा रिकामा खोका मी महिनाभर चाळीच्या गॅलरीत ठेवला. जागा अडते म्हणून लोक कुरकुरत. मला तेच हवे होते. त्याच वर्षी जुलैमध्ये मनमोहन सिंगांनी तो गाजलेला अर्थसंकल्प मांडला, आणि पुढची दहा वर्षे आपण 'चंगळवाद' हा शब्द परिसंवादांतून इतका वापरला, की चंगळ नेहमी दुसराच कुणीतरी करतो अशी आपली समजूत होऊन बसली.

वास्तविक माणूस आणि त्याच्या वस्तू यांच्यात स्पष्ट रेघ ओढता येत नाही, हे विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० सालीच लिहून ठेवले. आपण ज्याला ज्याला 'माझे' म्हणतो, त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे 'मी', असा त्याचा आशय. त्याच्या यादीत कपडे, घर, पूर्वज, जमीन सारेच येते. यातले एखादे काढून घेतले तर काय होते, हे पाहायला सानपाड्याहून लांब जायला नको.

माझे एक आगरी मित्र सानपाडा गावातले. ''तुमच्या बिल्डिंगखाली आमचं भातशेत होतं,'' हे ते हसत सांगतात, पण प्रत्येक भेटीत सांगतात. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण गोळीबाराला बळी पडले. त्या लढ्यामुळे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली. मग पैसा आला, आणि पैशाबरोबर टीकाही आली. यांच्या गाड्या, यांचे सोने, यांची लग्ने. आम्ही फ्लॅटवाले यात पुढे होतो. या मित्रांच्या गाडीचा क्रमांक ४१४१. आकडे जरा वळवून लिहिले की 'दादा' वाचता येते. २०२५ साली जुन्या गाड्यांनाही नव्या सुरक्षित क्रमांकपाट्या लावण्याची सक्ती राज्यात सुरू झाली आणि 'दादा' उतरले. मी थट्टा केली. ते म्हणाले, ''सातबाऱ्यावर नाव होतं ना भाऊ, तेव्हा गाडीवर लिहायची गरज नव्हती.'' मला उत्तर सुचले नाही. मी ज्या इमारतीत राहतो ती त्या सातबाऱ्यावरच उभी आहे.

२०२५ च्या घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, वस्तू व सेवा कर उतरला. एसी, मोठे टीव्ही, लहान मोटारी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्या. आमच्या सोसायटीत पुठ्ठ्यांचा ढीग लागला. खरेदीला माझा आक्षेप नाही. खोकेवाल्याने तो घेऊही नये. मला भीती वाटते ती हप्त्याची. आमच्या चाळीत बायकांची भिशी असे. आधी पैसे साठत, नंबर लागला की वस्तू येई. आता वस्तू आधी येते आणि तिच्या मागून दोन वर्षे पगार कापला जातो. 'शून्य टक्के व्याज' असे काही नसतेच, ते प्रक्रिया शुल्कात किंवा किमतीत दडवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले. मुलाच्या कागदांत मीही शोधले. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट याला नव्हती. तेच व्याज.

आणि या प्रत्येक हप्त्याची नोंद होते. तीनशे ते नऊशेच्या दरम्यानचा एक आकडा, सिबिलचा, आज तरुणाची पत ठरवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मूर्तिजापूरहून बातमी आली होती. बोलणी जमत आली असताना मुलीच्या मामांनी मुलाचे सिबिल पाहायचा आग्रह धरला. त्याच्या नावावर कर्जे निघाली, लग्न मोडले. कुळ, पत्रिका, पगार यांच्या पंक्तीत हा नवा पाहुणा. मामांना मी दोष देणार नाही. मुलीचा मामा असतो तर मीही तेच विचारले असते. पण मुलाचा बाप म्हणून त्या रात्री झोप लागली नाही. फोन दोन वर्षांत जुना होईल. एखादा हप्ता चुकला तर ती नोंद त्याच्याही पुढे राहील.

भांड्यांचे सांगायचे राहिले. अठरापैकी सतरांवर माझ्या वडिलांचे, नाहीतर काका-मामांचे नाव निघाले. जन्मभर ती घासली आईने. एका डब्यावर मात्र मागेपुढे काही न लावता नुसते तिचे नाव आहे. भिशीचा नंबर लागला तेव्हा तिने तो स्वतः जाऊन आणला, आणि 'नाव कुणाचं घालू?' म्हणून दुकानदाराने विचारले तेव्हा स्वतःचे सांगितले. वडील यावरून तिला कितीतरी दिवस चिडवत होते.

बाकीची वजनावर गेली. तो डबा मुलाने काट्यावर चढू दिला नाही, आपल्या खोलीत नेऊन ठेवला. सध्या त्यात चार्जरच्या वायरी असतात.