हवेतला माणूस आणि बिदरचा मदरसा

एक माणूस अधांतरी तरंगतो आहे. तो याच क्षणी, पण पूर्ण वाढलेला असा निर्माण झाला आहे. डोळ्यांवर आच्छादन आहे, कानांवर आवाज नाही, हातपाय एकमेकांना लागणार नाहीत असे फाकलेले आहेत, अंगाला हवेचाही स्पर्श जाणवत नाही. आपल्याला शरीर आहे हे कळायला त्याच्यापाशी कसलेच साधन नाही. तरीही ‘मी आहे’ हे त्याला कळेल का? बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या इब्न सीनाने (९८०–१०३७) हा प्रश्न मांडला आणि उत्तर दिले : कळेल. आपल्याला हात आहेत की नाहीत हे त्याला सांगता येणार नाही, पण आपण आहोत याविषयी त्याला शंका येणार नाही. म्हणजे ज्याला तो ‘मी’ म्हणतो ते शरीराहून वेगळे असले पाहिजे.

यंदाच्या अंकाचा विषय ‘मन’. सुरुवात या तरंगत्या माणसापासून करण्याचे कारण असे, की तो आपल्याला वाटतो तितका परका नाही. सव्वाचारशे-साडेचारशे वर्षांनी तो बिदरला आला.

त्याचा मार्ग पाहण्यासारखा आहे. इब्न सीनानंतर सुहरावर्दी या इराणी तत्त्वज्ञाने तोच विचार आणखी नेटका केला. शरीराच्या कुठल्याही अवयवाचा आपल्याला कधी ना कधी विसर पडतो, स्वतःचा मात्र कधीच पडत नाही. मग आपण म्हणजे ते अवयव कसे? ‘हयाकिल अल-नूर’ म्हणजे ‘प्रकाशाची मंदिरे’ या त्याच्या छोट्या ग्रंथात ही मांडणी आहे. ११९१ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आत, अलेप्पोला त्याला ठार करण्यात आले. पुढे शिराझच्या जलालुद्दीन दव्वानीने या ग्रंथावर भाष्य लिहिले, १४६८ च्या सुमाराला ते पुरे केले आणि अर्पण केले ते बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याला. शिराझचा पंडित आपले आत्म्यावरचे पुस्तक बिदरच्या माणसाला अर्पण करतो, ही गोष्ट मराठी वाचकाने सावकाश वाचावी अशी आहे. भालकी, औराद, बसवकल्याण यांचा हा जिल्हा. तिथल्या घरांतून आजही मराठी बोलली जाते.

गवान स्वतः कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलानचा. १४७२ मध्ये त्याने बिदरला मदरसा उभारला : तीन मजली, समोर दोन मिनार, भिंतींवर निळ्या-पिवळ्या चकाकत्या फरशा. ग्रंथालयात तीन हजार पोथ्या होत्या असे सांगतात. १४८१ मध्ये एका बनावट पत्रावरून सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. सतराव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीच्या दारूच्या स्फोटात मदरशाचा मोठा भाग उडाला. एक मिनार आणि थोड्या फरशा उरल्या आहेत.

पण इब्न सीनाला हा प्रश्न पडला कुठून? इथे ग्रीसकडे जावे लागते. प्लेटोने आत्म्याचे तीन भाग सांगितले होते : विचार डोक्यात, तेज छातीत, वासना पोटात, आणि आत्मा अमर. त्याचा शिष्य अरिस्टॉटल वेगळ्या वाटेने गेला. आत्मा ही शरीरात राहायला आलेली वस्तू नाही. डोळा हा जर स्वतंत्र प्राणी असता तर दृष्टी हा त्याचा आत्मा झाला असता, असे त्याने आत्म्यावरच्या आपल्या ग्रंथात म्हटले. डोळा गेला की दृष्टी गेली. मात्र त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात, अवघ्या काही ओळींच्या एका प्रकरणात, तो एका अशा बुद्धीविषयी बोलतो जी शरीरापासून अलग आहे आणि मरत नाही. ही बुद्धी कोणाची, माणसाची की ईश्वराची, हे तो सांगत नाही. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात इतक्या थोड्या ओळींनी इतक्या लोकांना इतकी शतके कामाला लावल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाक या ख्रिस्ती वैद्याने आणि त्याच्या मुलाने ग्रीक ग्रंथ अरबीत आणले. त्याच काळात अल-किंदीच्या वर्तुळात प्लोटिनसच्या लेखनाचे रूपांतर झाले आणि ते चुकून अरिस्टॉटलच्या नावावर चढले. ही चूक फार फलदायी ठरली. अरिस्टॉटलच्याच नावाने आता आत्मा वरच्या लोकातून खाली येऊ लागला आणि परत जाऊ लागला. फाराबीने त्या गूढ बुद्धीला चंद्राच्या गोलाशी जोडले आणि म्हटले, सूर्य डोळ्याला जे देतो ते ही बुद्धी आपल्या बुद्धीला देते. कॉर्डोबाच्या इब्न रुश्दने (११२६–११९८) तर ग्रहण करणारी बुद्धीसुद्धा सर्व माणसांत मिळून एकच आहे, इथपर्यंत मजल मारली. पॅरिसमध्ये त्यावरून १२७० साली मोठा वाद पेटला. वीस वर्षांनी, १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी लिहिली गेली. एकाच शतकात, एकमेकांचा पत्ता नसताना, माणसे एकाच प्रश्नाशी झटत होती.

आम्ही हा अंक बंगळुरात, कोरमंगलात बसून काढतो. कडेने होसूर रोड जातो, आणि त्यावर थोड्याच अंतरावर निम्हान्स आहे. १९७४ मध्ये जुने मनोरुग्णालय आणि मानसिक आरोग्याची संस्था एकत्र करून मन व मेंदू यांचा अभ्यास तिथे एका छताखाली आणला गेला. तिकडून जाताना इब्न सीनाची आठवण येते, कारण तो वैद्यही होता. अरिस्टॉटल म्हणे मनाचे ठाणे हृदयात, ग्रीक वैद्य गेलन म्हणे मेंदूत. इब्न सीनाने मूळ हृदयात ठेवले आणि कामकाज मेंदूकडे दिले. मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये त्याने पाच अंतरिंद्रिये वाटून दिली : पुढे संवेदना एकत्र करणारी आणि प्रतिमा साठवणारी, मध्ये प्रतिमांची जुळवाजुळव करणारी आणि अर्थ ओळखणारी, मागे स्मृती. मेंढीला लांडगा दिसतो. त्याचा रंग, आकार डोळ्यांना कळतो, पण त्याचे वैर डोळ्यांना दिसत नाही. ते ओळखणारी शक्ती वेगळी मानली पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद. आपल्याकडे मन, बुद्धी, चित्त, अहंकार अशी वाटणी आहे. पण वेदान्ताने ही चौकडीच आत्म्याबाहेर, साधन म्हणून ठेवली. हा फरक मला मूलभूत वाटतो. इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ ‘कानून’ मागडी रोडवरच्या राष्ट्रीय युनानी वैद्यक संस्थेच्या विद्यार्थ्यांना आजही परका नाही.

आता पुन्हा त्या तरंगत्या माणसाच्या मार्गाकडे : बिदरनंतर विजापूर. दव्वानीच्याच शिराझी विद्यापरंपरेतला फतहुल्ला शिराझी अली आदिलशहाच्या दरबारी होता. १५८३ मध्ये अकबराने त्याला बोलावून घेतले. दव्वानी आणि इतर इराणी तत्त्वज्ञांचे ग्रंथ हिंदुस्थानच्या शिक्षणक्रमात त्याने रुजवले, अशी नोंद पुढे आझाद बिलग्रामी या विद्वानांनी केली आहे. हे आझाद औरंगाबादला राहिले आणि खुलताबादला त्यांची कबर आहे. दक्षिणेतून उत्तरेला गेलेल्या विद्येची हकीकत दक्षिणेतच लिहिली गेली.

बंगळुरात मराठी माणूस आला तोही विजापूरमार्गेच. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने हे शहर घेतले आणि शहाजीराजांना जहागीर दिले. त्यांच्या दरबारात अनेक भाषांतले कवी होते, हे जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’वरून कळते, राजवाड्यांनी तो ग्रंथ उजेडात आणला. बहुभाषिक दरबार आपल्याकडे होता, शेजारी ही विद्या होती, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांसारखे सूफी संतकवी मराठीत लिहीत होते. तरीही इब्न सीनाचा तर्क मराठीत उतरला नाही. फारसी-अरबीच्या पाठशाळेतली चर्चा तिथेच राहिली, आणि संतांनी वेदान्त व योगाची भाषा उचलली, कारण ऐकणाऱ्यांना ती कळत होती. संतांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण गेल्या शंभर-दीडशे वर्षांत आपण सॉक्रेटिसपासून सार्त्रपर्यंत सगळे वाचले आणि शेजारच्या जिल्ह्यात शिकवले गेलेले मात्र परक्यांचे म्हणून सोडून दिले, याचे मला मनापासून वाईट वाटते. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनांवर आणि सूफी संप्रदायावर केलेले काम आठवा. त्यांच्यानंतर ही वाट फार थोड्यांनी चालली.

म्हणून एक विनंती. बिदर, भालकी, सोलापूर, धाराशिवकडच्या (पूर्वीचे उस्मानाबाद) जुन्या घरांतून अजून मोडी दप्तरांसोबत फारसी बाडे सापडतात. वाचता येत नाहीत म्हणून ती टाकू नका, रद्दीत घालू नका. आम्हाला कळवा. वाचणारी माणसे शोधून देण्याची जबाबदारी आमची, आणि जे हाती लागेल ते पुढच्या दिवाळीत मराठीत छापायची आमची तयारी आहे.