‘टू’ म्हणजे ‘फार’ नव्हे

इंग्रजीतील ‘टू’ या क्रियाविशेषणाला आपण शाळेपासून ‘फार’ किंवा ‘खूप’ हा प्रतिशब्द देत आलो आहोत. वास्तविक त्या अर्थासाठी इंग्रजीत ‘व्हेरी’ आहे. ‘टू’मध्ये प्रमाणासोबत एक निवाडाही असतो: ही गोष्ट गरजेपेक्षा वा सोसण्यापेक्षा अधिक आहे. ‘व्हेरी हेवी’ पेटी कष्टाने का होईना उचलता येते. ‘टू हेवी’ म्हटले की ती उचलवत नाही, हे न सांगताच सांगितले जाते. मराठीत तो नकार उघड लिहावा लागतो: ‘इतकी जड की उचलवेना’.

आमच्या मते गोंधळाचे मूळ आपल्या ‘फारच’मध्ये आहे. ‘साडी फारच महाग आहे’ यात ‘परवडणार नाही’ हा सूर आहे; ‘साडी फारच सुंदर आहे’ ही मात्र निखळ स्तुती. एकच ‘च’ दोन्ही कामे करतो, आणि त्यांतले कोणते, हे पुढचे विशेषण व बोलणाऱ्याचा आवाज ठरवतो. त्याच सवयीने आपण ‘टू गुड’ अशी दाद देतो. गप्पांत ते खपते. (‘ओन्ली टू ग्लॅड’सारख्या ठरीव प्रयोगांत खुद्द इंग्रजीही ‘अत्यंत’ असा अर्थ घेते, पण तो अपवाद.)

साक्षीच्या कागदावर मात्र ते खपत नाही. सीमाभागातील साक्षीदार मराठीत बोलतो आणि नोंद कन्नडात वा इंग्रजीत होते. ‘अंधार फारच होता’ याचे ‘टू डार्क’ झाले, की उलटतपासणीतला पहिला प्रश्न ठरलेला: मग आरोपी दिसला कसा? साक्षीदाराला गडद अंधार होता एवढेच म्हणायचे असेल. बॅटरीच्या उजेडात त्याने चेहरा नीट पाहिलाही असेल.

१९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७८ नुसार साक्ष पूर्ण होताच ती साक्षीदाराला वाचून दाखवावी लागे. नोंदीची भाषा त्याला कळत नसेल, तर त्याने ज्या भाषेत साक्ष दिली तीत किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगावी लागे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. प्रत्यक्षात घाई असते. साक्षीदार मान डोलावतो आणि सही करतो. मराठी पक्षकारांच्या वकिलांनी तेथेच थांबून आपल्या ‘फारच’चे काय केले, हे विचारावे. न्यायाधीशांनी दुरुस्ती केली नाही, तरी साक्षीदाराच्या हरकतीची टिपण नोंदीवर घेण्याची सोय त्याच कलमात आहे.