काडी फुकट असते, रोप फुकट नसतं



आज आधी माझीच चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी एका व्हिडिओत म्हटलं होतं, "छाटणीची काडी फुकट मिळते, रोप 50 रुपयांना जातं, म्हणजे नर्सरीत नफाच नफा." तो व्हिडिओ खूप चालला. पण त्यातलं गणित अर्धवट होतं, आणि त्याची किंमत माझ्या एका ग्राहकाने मोजली.

सासवडजवळ माझं रोपं-कुंड्यांचं दुकान आहे. पुरंदर म्हणजे अंजिराचा तालुका, 2016 पासून इथल्या अंजिराला जीआय मानांकन आहे. छाटणीत निघालेल्या 100 काड्या मी आणल्या. पेन्सिलीच्या जाडीच्या, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांच्या. पिशव्या भरल्या, शेडनेटखाली ठेवल्या. पंधरा-वीस दिवसांत पानं फुटली आणि मी लगेच फोटो टाकले. पण काडीत साठलेल्या अन्नावर पानं आधी फुटतात, मुळं मागून येतात. कधी कधी येतच नाहीत. त्यात मी दिवसातून दोनदा पाणी घालत होतो. 40 काड्या बुडातून कुजल्या.

आता बीबीएत शिकलेलं साधं कॉस्टिंग करू. पिशवी, माती, शेणखत, रूटिंग पावडर, मजुरी धरून एका काडीमागे 12 रुपये. 100 काड्यांचे 1200. जगली 60. म्हणजे एक रोप मला 12 ला नाही, 20 रुपयांना पडलं. मेलेल्या काडीचा खर्च जिवंत रोपालाच भरावा लागतो. भाव ठरवताना हे धरलं नाही तर गल्ला भरलेला दिसेल आणि खिसा रिकामा राहील.

पण खरा धडा पुढे होता. डाळिंबाच्या काड्या मी एका ओळखीच्या बागेतून आणल्या. बाग हिरवीगार दिसत होती, एवढंच बघितलं. एका शेतकऱ्याने 40 रोपं नेली. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा फोन आला, "दादा, रोपं तुमचीच ना? पानांवर तेलकट डाग आलेत." जाऊन बघितलं, तर तेल्या.

छाट कलमाचं वैशिष्ट्यच हे आहे की ते मातृवृक्षाची हुबेहूब नक्कल असतं. फळाचा गोडवा, रंग जसाच्या तसा येतो. आणि झाड रोगट असेल तर काडीबरोबर रोगही येऊ शकतो. तेल्या पावसाच्या शिंतोड्यांनी आणि छाटणीच्या कात्रीनेही पसरतो. त्यामुळे तो माझ्या रोपांतून गेला की शेजारच्या बागेतून आला, हे मी आजही सांगू शकत नाही. कारण काड्या कोणत्या झाडाच्या होत्या, याची माझ्याकडे एका ओळीचीही नोंद नव्हती. मी 2000 रुपये परत केले. त्याची दोन वर्षं परत करता आली नाहीत.

किराणा दुकानात खराब माल दुसऱ्या दिवशी परत येतो. रोपाची तक्रार दोन-तीन वर्षांनी येते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: ज्याला वही ठेवायचा कंटाळा आहे, त्याने फळझाडांची नर्सरी टाकू नये.

सुरुवात करायचीच असेल तर अशी करा:

1. काडीपासून सहज येणारी झाडं घ्या. अंजीर, तुती, ड्रॅगन फ्रूट. ड्रॅगन फ्रूटचा तुकडा कापला की काही दिवस सावलीत सुकू द्या, कापलेली बाजू कोरडी झाली की मगच लावा. नाहीतर सडतो.

2. आंब्याची काडी कोरफडीत बुडवून लावायचे व्हिडिओ बघून पैसे घालू नका. आंब्याच्या काडीला मुळं क्वचितच फुटतात. कोकणातल्या नर्सऱ्या कोय कलम करतात ते उगाच नाही. ते हाताचं कौशल्य आहे, आधी शिका.

3. मातृवृक्ष पावसाळ्यात आणि फळ असताना, असा दोनदा बघा. झाडाला नंबर द्या. प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करा.

4. पिशवीवर तारीख आणि झाडाचा नंबर टाका. वहीत किती लावल्या, किती जगल्या, कोणी नेल्या, ते लिहा.

5. फळझाडांची रोपं विकायला महाराष्ट्रात 1969 च्या कायद्यानुसार कृषी विभागाचा परवाना लागतो. बोर्ड रंगवण्याआधी तो काढा.

आज माझं अंजिराचं रोप शेजारच्यापेक्षा 20 रुपयांनी महाग आहे. काही गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून जातात. जाऊ देतो. जो थांबतो, त्याला मी वही उघडून दाखवतो.

तो जुना व्हिडिओ मी काढलेला नाही, फक्त त्याखाली या लेखाची लिंक दिली आहे. तुम्ही पहिल्या 100 काड्या लावाल तेव्हा किती जगल्या ते मला कळवा. आणि मेलेल्यांचा आकडा आधी सांगा!