‘खतना झालाय, आपल्याला काय होतं?’ हा भ्रम महागात पडेल

दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली आदिवासी कुटुंबं रोजगारासाठी बाहेर पडतात. कुणी भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर, कुणी ठाणे-मुंबईत बांधकामावर. परततात ती पावसाळ्याच्या तोंडावर. याच रस्त्यांवर आपले ड्रायव्हर, फेरीवाले, व्यापारीही महिनोन्‌महिने घराबाहेर असतात. म्हणूनच एचआयव्हीच्या बाबतीत ‘त्यांचा प्रश्न, आपला नाही’ म्हणून चालणार नाही.

देशाचं चित्र सुधारतंय. नॅकोच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे ६८ हजार नवे संसर्ग झाले, म्हणजे २०१० पेक्षा ४४ टक्के कमी. पण देशात २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगताहेत आणि त्यात सर्वाधिक, जवळपास चार लाख, आपल्या महाराष्ट्रात आहेत.

आपल्या मोहल्ल्यांत एक समज पक्का बसलाय: खतना झालाय, आपल्याला काय होतं? हे अर्धसत्य आहे. आफ्रिकेतल्या चाचण्यांत खतन्यामुळे स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या संसर्गाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. धोका घटला, संपला नाही. दूषित सुईपुढे खतन्याचा उपयोग नाही. बाधित पतीकडून पत्नीला होणारा संसर्गही त्यामुळे थांबत नाही. मग निकाह पाळणारी बाई बाधित होते आणि वर बोलही तिलाच लागतात.

खरी अडचण तपासणीची आहे. छोट्या गावात दवाखान्यात कोण गेलं, हे संध्याकाळपर्यंत बाजारभर होतं. पण २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा संमतीशिवाय तपासणीला मनाई करतो, माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक करतो आणि नोकरी, शाळा, घर नाकारायला बंदी घालतो. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. कामासाठी दुसरीकडे जावं लागलं, तर तिथल्या एआरटी केंद्राला नाव जोडून घेता येतं. गोळ्या मात्र खंडू देऊ नयेत. नियमित औषधांनी विषाणू रक्तात सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदरपणातच उपचार मिळाले, तर बाळाचा धोका पाच टक्क्यांच्या खाली येतो.

इमाम साहेबांनी जुम्म्याच्या बयानात दोन मिनिटं यावर बोलावं. निकाह ठरवताना दोन्ही घरांनी राजीखुशीने तपासणी करून घ्यावी. कुणाला विचारायची लाज वाटत असेल, तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. लपवलेला आजार घरातल्यांनाच गाठतो.