उन्हाचा जमाखर्च

लॉस एंजेलिसच्या आकाशात दुपारी दाटणारे, डोळ्यांना झोंबणारे धुरके मोटारींच्या धुरातून आणि उन्हातून निपजते, हे हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. धुरातील नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू अतिनील व जांभळ्या किरणांनी फुटतो. सुटलेला अणू प्राणवायूला मिळून ओझोन होतो. उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन गिळून पुन्हा मूळ वायू बनतो. जमा तितकाच खर्च! मात्र इंधनाच्या न जळालेल्या वाफा मध्ये आल्या की खर्च थांबतो आणि फुप्फुसांना जाचणारा ओझोन शिल्लक राहतो.

म्हणून रेणू फुटण्याचा वेग अचूक कळणे अगत्याचे. भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली, रेणू सरासरी दोन मिनिटांत फुटतो. वेग मोजण्यासाठी क्वार्ट्झच्या नळीतून हा वायू उन्हात सोडून त्यातला किती फुटला ते पाहतात, किंवा चहूकडचा प्रकाश टिपणारे उपकरण लावतात. कारण वरून आलेला किरण आणि जमिनीवरून परतलेला किरण, रेणूला दोन्ही सारखेच.

गणिती प्रारूपात सूर्याची उंची, वरचा ओझोनथर, ढग, धूळ असे सारे मांडतात. स्वच्छ दिवशी दोन्हींचा ताळा बहुधा जुळतो. विखुरलेले ढग आले की तो बिघडतो. ढगाखाली प्रकाश घटतो, तर त्याच्या कडेला निरभ्र आकाशाहूनही वाढतो. आमच्या वहीत अशी रक्कम सापडती तर रात्र जागावी लागली असती!

अधिक विचारात टाकते ती काजळी. ती किरण शोषते, जमिनीलगत हा वेग मंदावते. नुसती काजळी हटविली आणि बाकीचा धूर तसाच राहू दिला, तर ओझोन वाढूही शकतो.