वाट आखण्याआधी तास ठरवा

बुलढाणा जिल्ह्यात निसर्गपर्यटनाचा विषय निघाला की बोलणे जिप्सी, प्रवेशद्वार आणि सेल्फी पॉइंटपाशी येऊन थांबते. पायी चालणाऱ्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो, तोही नकाशावर रेघ मारण्यापुरता. अमुक टेकडीवरून पाणी छान दिसते, मग वाट तिकडून न्या. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. वाट कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या तासांत मोकळी ठेवता येईल, हे आधी ठरवा. ती कुठून जाईल, हे त्यातूनच कळेल.

याचे कारण अस्वल. 1997 मध्ये घोषित झालेले ज्ञानगंगा अभयारण्य 205 चौरस किलोमीटरचे आहे. खडकाळ उतार, कपारी, सालई-धावड्याचे कोरडे रान आणि जागोजागी वारुळे हा सगळा अस्वलाचा मुलूख. पर्यटक बिबट्याच्या आशेने येतो. पायी माणसाला मात्र अस्वलाची धास्ती जास्त असते. वारूळ उकरण्यात गुंतलेल्या अस्वलाला माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही, आणि कळल्यावर ते पळण्याऐवजी अंगावर येण्याची शक्यता असते. मार्च-एप्रिलमध्ये मोह टपकतो. पहाटे ते फूल वेचायला गावकरी झाडाखाली जातात, त्याच वेळी अस्वलही तिथे येते. अशा दिवसांत सूर्योदयाचा ट्रेक ठेवणे म्हणजे तिसरा गडी त्याच झाडाखाली उभा करणे. मोहाच्या हंगामात वाट बंद, एरवी ऊन वर आल्यावर सुरू आणि दिवस कलण्याआधी माणसे बाहेर, एवढा नियम फलकावर नाही, रोजच्या नोंदवहीत दिसला पाहिजे. गाइडच्या प्रशिक्षणात आपण पक्ष्यांची नावे घोकून घेतो. वारूळ आज उकरले आहे की आठवड्यापूर्वी, हे ओळखायला किती जणांना शिकवतो?

वाघाच्या बाबतीतही तास महत्त्वाचे. टिपेश्वर अभयारण्यात रेडिओ कॉलर लावलेला टी1सी1 हा तरुण वाघ 2019 च्या जूनमध्ये निघाला आणि तेलंगणाच्या सीमाभागातून, शेतांतून, रस्ते ओलांडत वर्षअखेरीस ज्ञानगंगेत पोहोचला. तिथली भटकंती धरून नऊ महिन्यांत त्याची चाल 3000 किलोमीटरच्या वर गेली. ‘वॉकर’ हे नाव त्याला उगाच पडले नाही. तो बहुतेक रात्री चालला आणि दिवसा झुडपांत दबून राहिला. वाटेत माणसाशी त्याचा जो एक संघर्ष नोंदला गेला, तो विसावलेल्या वाघाच्या झुडपात माणसे शिरल्यामुळे. जखमही किरकोळ होती. शेताच्या बांधावरून वाघ जाऊ शकतो, पण त्याच्या दिवसाच्या आडोशात आपण जाऊ नये. ओढ्याकाठची दाट झुडपे वाटेतून वगळायची ती यासाठी.

म्हणून ज्ञानगंगेत तूर्त पायी वाटांची घाई नको. वाहनातून फेरी, पाणवठ्यावरचे मचाण आणि सोबत वनकर्मचारी, एवढे पुरे आहे. अभयारण्यातील प्रवेश 1972 च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशी बांधलेला आहे. ट्रेक आयोजकांनी ‘आम्ही तर फक्त चालणार’ असे म्हणून ती टाळू नये.

चालायचेच असेल तर लोणारचे विवर आहे. तिथे माणूस आधीपासून चालतोच: धारेपासून खाली, सरोवराच्या काठाने कमळजा देवीपर्यंत, नवरात्रात तर रांगेने. नवी वाट काढण्यापेक्षा आहे ती सांभाळण्याचे काम मोठे आहे. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आणि खोली 137 मीटरच्या आसपास, म्हणजे उतार तीव्रच. लोक वळण टाळून सरळ खाली उतरतात, पुढच्या पावसात त्या आडवाटेचा ओहोळ होतो आणि मुरूम-माती थेट सरोवरात जाते. हे खारे, अल्कधर्मी पाणी 2020 पासून रामसर यादीत आहे. त्यात गाळ सोडणे परवडणारे नाही.

उपाय जुनेच आहेत आणि स्वस्त आहेत. डोंगराचा जो उतार असेल, त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला देऊ नका. शंभर मीटरला दहा मीटरच्या आत राहिलात तर उत्तम. वाट किंचित बाहेरच्या बाजूला कलती ठेवा. तिरपे दगड बसवून पाणी जागोजागी बाहेर काढा. आडवाटांच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाका. वेडी बाभूळ तिथे तोडली जातेच, तिचा एवढा तरी उपयोग होईल. सिमेंटच्या पायऱ्यांचा मोह आवरा. त्यांच्या कडेने पाणी धावते आणि दुसऱ्याच वर्षी लोक पायऱ्यांशेजारून चालू लागतात. निधी मात्र पायऱ्यांना लगेच मिळतो, चर साफ करणाऱ्या दोन मजुरांना मिळत नाही, हे आपल्या खात्यांचे जुने दुखणे.

ज्या संस्था आणि परिक्षेत्रे येत्या हंगामासाठी वाटा आखत आहेत, त्यांनी उद्घाटनाचा फलक लावण्याआधी दुरुस्तीची वार्षिक तरतूद आणि बंद ठेवण्याचे महिने लिहून ठेवावेत. ती दोन्ही कलमे ज्या प्रस्तावात नाहीत, तो मंजूर होऊ नये.